झाडाच्या आत राहणाऱ्या जिवाणूंमधून प्रतिजैविक कसं शोधायचं

आगरवर वसाहतीभोवती स्वच्छ गोल झोन, म्हणजे दुसरा जिवाणू न वाढलेली जागा, दिसला की प्रतिजैविक हाती लागलं असं वाटतं. तो झोन आम्लामुळे पडतो, लोह ओढून घेतल्यामुळे पडतो, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे पडतो, कधी जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूमुळेही पडतो. ही सगळी कारणं एकेक करून बाद केल्यावर जे उरतं ते तपासण्याच्या लायकीचं. या कामातला मोठा वेळ शोधण्यात कमी आणि बाद करण्यात जास्त जातो, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं. खालची पद्धत ज्यांना निर्जंतुक हाताळणी आणि प्लेटिंग येतं त्यांच्यासाठी आहे.

वनस्पतीत कशाला शोधायचं? कारण मुळांवर, पानांवर आणि ऊतींच्या आत राहणारे जिवाणू जागेसाठी सतत भांडत असतात आणि त्या भांडणाची हत्यारं आपल्या कामी आलेली आहेत. पेनिबॅसिलस पॉलिमिक्सा हा मुळांच्या आसपास हमखास सापडणारा जिवाणू; त्याच्यापासून १९४७ मध्ये पॉलिमिक्सिन मिळालं. त्याच कुळातलं कोलिस्टिन आज बाकीची औषधं निष्प्रभ ठरली की बाहेर काढतात, मूत्रपिंडाला इजा करतं हे माहीत असूनही. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सपासून आलेलं म्युपिरोसिन २ टक्के मलम म्हणून त्वचेच्या संसर्गावर वापरतात, आणि नाकात मुक्काम ठोकलेल्या स्टॅफिलोकॉकसला हुसकायलाही. उसाच्या पानांवर पांढरे पट्टे पाडणारा झँथोमोनास अल्बिलिनियन्स अल्बिसिडिन बनवतो. उसाच्या हरितलवकातलं डीएनए गायरेज हे विकर बंद पाडायला त्याला ते लागतं, पण जिवाणूंचं गायरेजही त्याने अडतं.

मेटॅन्सिनची गोष्ट या विषयात शिरणाऱ्याने लक्षात ठेवावी. १९७२ मध्ये हा रेणू मेटेनस झुडपातून वेगळा केला गेला आणि तो वनस्पतीचाच मानला गेला. नंतर त्याची सख्खी भावंडं, ॲन्सामायटोसिन, एका तृणवर्गीय वनस्पतीच्या पात्यावरून मिळालेल्या ॲक्टिनोसिनेमा प्रेटिओसम या जिवाणूत सापडली. पुढे पुटरलिकिया या दुसऱ्या झुडपाच्या मुळांतले जिवाणूच त्याला मेटॅन्सिन पुरवतात असं दिसलं. याच रेणूचं बदललेलं रूप अँटिबॉडीला जोडून स्तनाच्या कर्करोगावरचं औषध झालं, त्याला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा एखाद्या औषधी वनस्पतीचा गुण नक्की कुणाचा, हा प्रश्न खुला ठेवूनच नमुना घ्यायचा.

आधी सुरक्षितता

झाडातून आलेला जिवाणू निरुपद्रवी असतो हा समज सोडा. बुरखोल्डेरिया सेपाशियाचं वर्णन १९५० मध्ये सडक्या कांद्यावरून झालं आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात तोच जीवघेणा ठरतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया मुळांत सर्रास मिळतात. दोघेही रुग्णालयांची डोकेदुखी आहेत. म्हणून ओळख पटेपर्यंत प्रत्येक स्ट्रेन (वेगळा केलेला जिवाणूचा वाण) जैवसुरक्षा पातळी २ चा, म्हणजे माणसाला आजार देऊ शकणारा, समजा. वाटणं, हलवणं, सेंट्रिफ्यूजची नळी उघडणं ही तुषार उडवणारी कामं जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करा. साध्या लॅमिनार फ्लो कॅबिनेटमध्ये हवा तुमच्या तोंडावर येते, तो नमुन्याचं रक्षण करतो, तुमचं नाही.

अर्क चाखणं, जखमेला लावून बघणं, घरी आंबवून पिणं यातलं काहीही करू नका. बुरखोल्डेरिया ग्लॅडिओलाय हा मुळात वनस्पतींचा रोगकारक. त्याचे काही स्ट्रेन बाँगक्रेकिक आम्ल बनवतात, जे पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा ऊर्जापुरवठा अडवतं आणि उकळूनही जात नाही. २०१५ मध्ये मोझांबिकमध्ये घरगुती बिअरमधून ७५ माणसं दगावली ती यानेच.

नमुना

निरोगी दिसणारं झाड निवडा. रोगट भागात रोगकारकच भरपूर मिळतात आणि बाकीचे दबून जातात. पान, खोड, मूळ वेगवेगळ्या पिशव्यांत, कागदात गुंडाळून ठेवा. ओल्या प्लॅस्टिकमध्ये काही तासांत कुजायला सुरुवात होते. ४ अंश सेल्सिअसला ठेवून २४ तासांच्या आत काम सुरू करा. गोठवू नका, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि आतले जिवाणूही मरतात. वनस्पती दुसऱ्या देशातली किंवा संरक्षित क्षेत्रातली असेल तर परवानगीचे कागद आधी. जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे आणि नंतर शोधनिबंध किंवा पेटंटच्या वेळी हेच कागद मागितले जातात.

पृष्ठभाग निर्जंतुक करणं

इथे चूक झाली तर पुढचं सगळं काम पानावरच्या धुळीतल्या जिवाणूंवर होतं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली १० मिनिटं धुवा, मुळांवरची माती मऊ ब्रशने काढा. तुकडे ५ ते ६ सेंटिमीटरचे ठेवा आणि खोड व मुळांची कापलेली टोकं वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवून बंद करा. टोकं उघडी राहिली तर क्लोरीन वाहिन्यांमधून आत शिरतं आणि जे हवे आहेत तेच जिवाणू मारतं. त्यानंतर क्रम असा:

१. ७० टक्के इथेनॉल, १ मिनिट.
२. २.५ टक्के उपलब्ध क्लोरीन असलेलं सोडियम हायपोक्लोराइट, त्यात ०.१ टक्का ट्वीन २० (पाणी पसरवणारा साबणासारखा पदार्थ). पानांना ३ मिनिटं, खोड आणि मुळांना ५ मिनिटं, हलवत राहून.
३. ७० टक्के इथेनॉल, ३० सेकंद.
४. निर्जंतुक २ टक्के सोडियम थायोसल्फेट, ५ मिनिटं, उरलेलं क्लोरीन निकामी करायला.
५. निर्जंतुक पाण्याने ५ वेळा धुणं. शेवटचं पाणी जपून ठेवा.

बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं हायपोक्लोराइट तितकंच पाणी घालून अडीच टक्क्यांवर येतं, पण बाटली उघडून महिने झाले असतील तर त्यात क्लोरीन उरलेलं नसतं. ताजं द्रावण त्याच दिवशी करा. ट्वीन वगळू नका. पानावरच्या मेणामुळे पाण्याचे थेंब गोळा होतात आणि त्या थेंबांच्या मधली जागा कोरडी राहते.

मग तपासणी. शेवटच्या पाण्यातले १०० मायक्रोलिटर एका प्लेटवर पसरवा आणि तुकडाच दुसऱ्या प्लेटवर १ मिनिट दाबून उचला. दोन्ही प्लेट ७ दिवस ठेवायच्या. दोन्हींपैकी एकीवरही वाढ दिसली तर ती सगळी बॅच फेकून द्या. फक्त पाण्याची चाचणी पुरत नाही, कारण पृष्ठभागाला घट्ट चिकटलेले जिवाणू पाण्यात येतच नाहीत.

वाटणं आणि प्लेटिंग

दोन्ही टोकांचा अर्धा सेंटिमीटर निर्जंतुक ब्लेडने कापून टाका. १ ग्रॅम ऊती ९ मिलिलिटर निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात खलबत्त्यात वाटा. हे पहिलं, म्हणजे १० पट विरलन. १०० आणि १,००० पट विरलनं करून प्रत्येकातले १०० मायक्रोलिटर पसरवा. १,००० पट विरलनाच्या प्लेटवर ४५ वसाहती आल्या तर हिशोब ४५ × १,००० ÷ ०.१, म्हणजे ग्रॅममागे साडेचार लाख. ३० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त वसाहती असलेली प्लेट मोजणीसाठी धरू नका.

माध्यम पौष्टिक नको. आर२ए किंवा दहापट पातळ केलेलं ट्रिप्टिक सोय आगर घ्या. भरपूर अन्न मिळालं की जलद वाढणारे दोन-तीन प्रकार प्लेट व्यापून टाकतात. ॲक्टिनोमायसीट (स्ट्रेप्टोमायसिससारखे धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) हवे असतील तर स्टार्च केसीन आगर घ्या. बुरशी रोखायला मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड, आणि ॲक्टिनोमायसीटच्या प्लेटमध्ये जलद वाढणाऱ्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना आवरायला २५ मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक आम्ल. दोन्ही माध्यम ऑटोक्लेव्ह होऊन ५० अंशांवर आल्यावर घालायचे. सायक्लोहेक्सिमाइड माणसालाही विषारी आहे, ते हातमोजे घालून फ्यूम हूडमध्ये तोला. फक्त बॅसिलस आणि पेनिबॅसिलस हवे असतील तर वाटलेलं द्रावण ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा. बीजाणू तगतात, बाकीचे जातात.

तापमान २८ अंश. बॅसिलस आणि स्यूडोमोनास २ ते ५ दिवसांत येतात. ॲक्टिनोमायसीटना २ ते ६ आठवडे लागतात, म्हणून प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करून ठेवा आणि रोज पाहण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाहा. तिसऱ्या दिवशी प्लेट टाकून देणं हे या कामातलं सगळ्यात महाग पडणारं उतावीळपण. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतले मूळ रहिवासी केनेडिया निग्रिस्कन्स ही वेल जखमांवर वापरत. तिच्यातून मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसमध्ये म्युनुम्बिसिन ही प्रतिजैविकं सापडली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. असा स्ट्रेन तीन दिवसांत दिसत नाही.

वेगळी वसाहत तीनदा रेघाटून शुद्ध करा आणि लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर किमान ३ व्हायल ठेवा. पुढचं सगळं काम या व्हायलपासून सुरू करायचं. आगरवरून आगरवर नेत राहिलं की स्ट्रेन प्रतिजैविक बनवणं सोडतो: फ्लुओरेसंट स्यूडोमोनासमध्ये गॅकएस आणि गॅकए या जनुकांत बदल झालेल्या पेशी जोमाने वाढून बाकीच्यांवर मात करतात, आणि स्ट्रेप्टोमायसिसच्या गुणसूत्राची टोकं गळतात. ‘पूर्वी झोन यायचा, आता येत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

पहिली चाळणी आणि खोटे झोन

स्ट्रेनच्या दाट वाढीतून ६ मिलिमीटरचे आगर प्लग कापा. निर्देशक जिवाणूचं, म्हणजे ज्याची वाढ थांबते का ते पाहायचं त्याचं, ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचं द्रावण करा, त्यात मिलिलिटरमागे साधारण १० कोटी पेशी. ४५ अंशांवरच्या ५ मिलिलिटर ०.७ टक्के मऊ आगरमध्ये त्यातले ५० मायक्रोलिटर मिसळून प्लेटवर ओता, गोठल्यावर प्लग ठेवा. २ तास फ्रिजमध्ये, मग निर्देशकाला हव्या त्या तापमानाला. फ्रिजमधल्या त्या दोन तासांत रेणू पसरतो आणि निर्देशक अजून वाढायला लागलेला नसतो, त्यामुळे झोनची कड स्पष्ट येते.

शिक्षणासाठी बॅसिलस सबटिलिस आणि मायक्रोकॉकस ल्युटियस पुरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा कँडिडा अल्बिकन्स ही यीस्ट फक्त पातळी २ च्या प्रयोगशाळेत, आणि तेही औषधांना दाद देणारे प्रमाणित स्ट्रेन. पहिल्या चाळणीला रुग्णालयातला औषधरोधी स्ट्रेन लागतच नाही.

झोन आला की खालच्या चाचण्या झाल्याशिवाय अर्क काढायला बसू नका.

आम्लासाठी प्लगच्या जागी स्ट्रेन द्रव माध्यमात वाढवून गाळलेलं द्रव वापरा, पीएच ७ वर आणा आणि पुन्हा ठेवा. झोन गेला तर ते नुसतं सेंद्रिय आम्ल होतं. लोहासाठी आगरमध्ये लिटरमागे २७ मिलिग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट घाला, म्हणजे १०० मायक्रोमोलर. ते वेगळं गाळून निर्जंतुक करायचं, कारण ऑटोक्लेव्हमध्ये गंजासारखा साका बसतो. लोह मिळताच झोन नाहीसा झाला तर लोह पकडणारा सायडेरोफोर कारणीभूत होता. स्यूडोमोनासमध्ये ही शक्यता आधी तपासा. त्याची खूण अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पिवळट-हिरव्या रंगात दिसते. (सायडेरोफोर म्हणजे टाकाऊ असं नाही. स्ट्रेप्टोमायसिस पिलोससचा डेस्फेरिऑक्सामाइन वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या रुग्णांच्या शरीरातलं जादा लोह काढायला वापरतात. फक्त ते प्रतिजैविक नव्हे.) पेरॉक्साइडसाठी ते मोडणारं कॅटालेज हे विकर घालून पाहा. विषाणूसाठी द्रव दहा-दहापट पातळ करत थेंब ठेवा: प्रतिजैविकाचा झोन फिका होत जातो, विषाणूचे मात्र वेगळे ठिपके उमटतात. प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घातल्यावर झोन गेला तर बहुधा प्रथिनस्वरूप बॅक्टेरिओसिन आहे. तो निराळा रस्ता आहे, त्याला विद्रावकाने काढता येत नाही.

वाढवणं आणि अर्क

५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर माध्यम, त्यात ५ टक्के ताजं बीज-कल्चर, २८ अंश, मिनिटाला १८० फेरे. फ्लास्क अर्धा भरला तर हवा कमी पडते आणि उत्पादन घसरतं. हे रेणू बहुधा वाढ मंदावल्यावर बनतात, म्हणून एकाच दिवशी कापणी न करता रोज १ मिलिलिटर काढून झोन मोजा. बॅसिलसचा उत्कर्ष साधारण ४८ ते ७२ तासांत, स्ट्रेप्टोमायसिसचा ७ ते १० दिवसांत. झोन एकदम घटला तर जिवाणू स्वतःच रेणू मोडायला लागला आहे. माध्यमात फॉस्फेट भरपूर असेल तर अनेक स्ट्रेन काहीच बनवत नाहीत. प्लेटवर झोन आणि फ्लास्कमध्ये शून्य असं झालं तर आधी फॉस्फेट आणि ग्लुकोज कमी करून बघा.

१०,००० जी वर २० मिनिटं फिरवून पेशी वेगळ्या करा. वरच्या द्रवात तितकंच इथाइल ॲसिटेट घालून ३ वेळा काढा, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा, रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या वर न जाता सुकवा. दोन थर नीट वेगळे होत नसतील तर मीठ घाला किंवा मिश्रण पुन्हा फिरवा. जोराने हलवत राहिलं की फेस वाढतच जातो.

पाण्याचा उरलेला थर ओतून देऊ नका. पॉलिमिक्सिनसारखे धनभारित पेप्टाइड इथाइल ॲसिटेटमध्ये उतरत नाहीत, ते पाण्यातच राहतात. दोन्ही थर तपासा, पेशींचा मेथॅनॉल अर्कही तपासा. बॅसिलसच्या लिपोपेप्टाइडसाठी (मेदाम्लाची शेपटी असलेले पेप्टाइड) वेगळी रीत: द्रवाचा पीएच ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने २ वर आणा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, खाली बसलेला साका मेथॅनॉलमध्ये घ्या. जिवाणू न घातलेल्या माध्यमाचा अर्कही याच क्रमाने काढा. हा कंट्रोल नसेल तर माध्यमातलाच एखादा घटक रेणू म्हणून गळ्यात पडतो.

किती प्रभावी, किती घातक

झोनचा व्यास रेणूच्या ताकदीइतकाच त्याच्या पसरण्यावर अवलंबून असतो. कोलिस्टिन आगरमध्ये नीट पसरत नाही, म्हणून रुग्णालयांतही त्याची चाचणी डिस्कने न करता द्रवात करतात. तुलना करायची तर एमआयसी काढा, म्हणजे वाढ थांबवणारं किमान प्रमाण. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये कॅटआयन-समायोजित म्युलर-हिंटन माध्यमात अर्काची निम्मी-निम्मी विरलनं, प्रत्येक खाचेत ५० मायक्रोलिटर. ०.५ मॅकफार्लंड द्रावण १०० पट पातळ करून तेही ५० मायक्रोलिटर. म्हणजे शेवटी मिलिलिटरमागे ५ लाख पेशी. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ १ टक्क्याच्या आत. ३५ अंशांवर १६ ते २० तास. सोबत फक्त जिवाणू, फक्त माध्यम, फक्त डीएमएसओ आणि एक माहीत असलेलं औषध. कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर गेली तर तो स्ट्रेन बाजूला ठेवा. इतक्या प्रमाणात जवळपास कशाचाही परिणाम दिसतो.

मग लाल पेशी. २ टक्के धुतलेल्या लाल पेशी अर्कासोबत ३७ अंशांवर १ तास ठेवा, फिरवा, वरच्या द्रवाचं शोषण ५४० नॅनोमीटरला मोजा. मिठाचं पाणी म्हणजे शून्य, १ टक्का ट्रायटन एक्स-१०० म्हणजे १००. बॅसिलसचे अर्क इथे धडाधड नापास होतात, कारण सर्फॅक्टिन हा साबणासारखा रेणू जिवाणूचं आणि माणसाचं पेशीपटल सारख्याच सहजतेने फोडतो. लाल पेशी वाचल्या तर सस्तन प्राण्यांच्या पेशींवर सीसी५० काढा, म्हणजे निम्म्या पेशी मारणारं प्रमाण. त्याला एमआयसीने भागा. सीसी५० ६४ आणि एमआयसी ८ असेल तर भागाकार ८. दहाच्या खाली असेल तर उत्साह आवरता घ्या.

जुनाच रेणू नाही ना

हे शेवटी लिहिलं असलं तरी खर्च वाढण्याआधी करायचं. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा सुमारे १,५०० बेसचा तुकडा वाचून घ्या, तुलना प्रमाणित स्ट्रेनशी करा. बॅसिलस सबटिलिसची भावंडं १६एसने वेगळी ओळखू येत नाहीत, तिथे गायरबी जनुक वाचावं लागतं. १६एसने बुरखोल्डेरिया सेपाशिया गट दाखवला तर कितीही मोठा झोन असला तरी काम थांबवून सुरक्षा समितीकडे जा.

त्यानंतर मास स्पेक्ट्रोमीटरवर अर्कातल्या रेणूंचं द्रव्यमान. बॅसिलसच्या अर्कात १००८, १०२२, १०३६ अशी १४-१४ च्या अंतराने शिखरं आली तर ते सर्फॅक्टिन. १०४३ आणि १०५७ म्हणजे बहुधा इट्युरिन. १४३५ ते १५०५ च्या पट्ट्यात फेंगायसिन. १४ चं अंतर म्हणजे मेदाम्लाच्या शेपटीत एक कार्बन कमीजास्त. जीनोम वाचलेला असेल तर अँटीस्मॅश या संगणक-प्रणालीत घालून ओळखीच्या जनुकसमूहांशी ताडून पाहा.

यातूनही काही उरलं तर गोठवलेली नवी व्हायल काढून तीन वेगवेगळ्या दिवशी तीन बॅच वाढवा आणि तिन्हींची एमआयसी काढा. एका विरलनाच्या फरकापर्यंत आकडे जुळले तर शुद्धीकरणासाठी १० लिटरची तयारी करा. वापरलेलं सगळं कल्चर आणि प्लेट १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जाऊ द्या.